कूलर बंद आहे

यंदा मीच उशिरा बोलावलं, मे लागल्यावर.
एप्रिलभर उकडत होतं,
ते माझ्यापर्यंत पोचलंच नव्हतं.

रऊफभाई आले, सायकलला वूडवूलची पोती बांधून.
कूलरची मागची जाळी काढली
आणि काढता काढता थांबले.
"ताई, इथं तं कोणी संसार मांडून राह्यलं."

दहा-बारा काड्या. एक तारेचा तुकडा,
खराट्याचे दोन हीर.
त्यावर होल्याची मादी.
हलली नाही. एका डोळ्यानं आमच्याकडं बघत राहिली,
रेशनच्या रांगेत पुढचं माणूस मागच्याकडं बघतं तशी.

"काढू का?" त्यांनी विचारलं,
पण पक्कड खाली ठेवूनच विचारलं.

कूलर हे खातं यांचं होतं.
टाकी घासणं, मोटरीला तेल,
डुगडुगत्या पायाखाली विटेचा तुकडा,
नळी सुटली की माझ्या नावानं ओरडणं.
गेल्या श्रावणात गेले.
तेव्हापासून देवाशी माझं बोलणं नव्हतं.
भांडण म्हणाल तर तेही नाही.
एका घरात राहणाऱ्या दोन जावा
जशा एकमेकींच्या कडेनं जातात, तसं.

राहू द्या, म्हटलं.
त्यांनी जाळी लावली, बोटभर फट ठेवून.
पैसे घेतले नाहीत.
"महिना तं जाईन, ताई. वरून नवतपा.
पाहा बाप्पा."

पंचेचाळीस. सेहेचाळीस.
फरशीवर पाणी मारावं, ते पुसायच्या आत वाळावं.
दुपारी नंदनवनचा रस्ता म्हणजे नुसतं डांबर
आणि स्कार्फमध्ये गुंडाळलेलं एखादं स्कूटीवरचं डोकं.
बंद कूलरमधून आवाज यायचा,
हसू गिळल्यासारखा.
खिडकीत मातीच्या परळात पाणी ठेवायला लागले.
मग पहाटे उठायला एक कारण झालं,
परळ रिकामं असेल.
एकदा परळ भरताना तोंडातून निघून गेलं,
"ठेवलंय रे पाणी."
कुणाला म्हटलं, कळलं नाही.
मागे वळून पाहिलं, तर
देव्हारा तेवढा होता.

वरच्या पंचशीला गजभिये जिन्यात म्हणाल्या,
"तुमचा कूलर बंद काऊन आहे? बिघडला का?"
सांगितलं.
त्यांना हसू येईल वाटलं होतं.
त्या काही बोलल्या नाहीत,
रात्री त्यांचा मुलगा आला आणि माझी गादी
खांद्यावर टाकून गच्चीवर घेऊन गेला,
मला न विचारता.

पाच गाद्या होत्या, माझी सहावी.
सुराही, चटईवर अर्धं टरबूज,
टाकीवरून ठिबकणारं पाणी,
दूर अजनीकडून रेल्वेचा भोंगा.
त्यांच्या सासूबाईंना ऐकू कमी येतं.
निजण्याआधी हात जोडून त्या पालीत काही म्हणतात.
मला ते येत नाही.
एकदा विचारलं, काय मागता?
त्या मोठ्यानं, शेजारच्या गच्चीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं,
"मागत नाही वं. सगळ्यायचं भलं म्हणते!"
आणि बोट फिरवलं
गाद्यांवरून, टाकीवरून, लिंबाच्या शेंड्यावरून,
मग कठड्यापाशी थोडं खाली नेलं,
माझ्या खिडकीकडं.
"त्याह्यचंबी."

मी कुशीवर वळले.
बऱ्याच महिन्यांनी रडू आलं, आणि
कुणी काही विचारलं नाही.
पंचशीलाबाईंनी फक्त सुराही
माझ्या हाताशी सरकवली.

जूनच्या सुरुवातीला एक पिल्लू
केबलच्या तारेवर बसलेलं दिसलं,
शेपूट सावरत, फार काही जमत नसल्यासारखं.
दुसरं अंडं तसंच राहिलं.
ते कुंडीतल्या तगरीखाली पुरलं मी,
फार खोल नाही.

रऊफभाईंनी वूडवूल भरलं, मोटर सुरू केली.
ओल्या लाकडाचा तो वास, यांच्या हातांचा.
खोली अर्ध्या तासात गार.
काड्या त्यांनी टाकल्या नव्हत्या,
वर्तमानपत्रात बांधून कपाटावर ठेवल्या होत्या.
"असू द्या, ताई," म्हणाले,
आणि दोघांनाही त्याचं पुढं काय करायचं सुचलं नाही.

रात्री खालून हाक आली नाही, वरून आली.
"गादी आणू का, काकू?"
कूलर चालू होता.
मी म्हटलं, आण.