बिब्बा

तुम्ही वहीत वर लिहिलंय,
गोऱ्या पलटणींविषयी देवळालीतल्या लोकांचं मत.
लोकांना मत कुणी विचारत नव्हतं हो.
विचारायचे ते एवढंच, कपडे कधी मिळणार.

दारणेच्या काठाला अकरा दगड होते आमचे.
पहाटे चारपासून खाकी आपटायची.
लॅम रोडनं गाढवं यायची, पाठीवर अख्खी पलटण,
आत माणूस नसलेली.
तशा पलटणीची भीती वाटली नाही कधी.

मत पाहिजे तर ते अनसाबाईकडे होतं.
आपल्याला अंडं दोन पैशाला, टॉमीला एक आणा.
विचारलं तर म्हणायची, अंडं तेच आहे,
वरचे दोन पैसे इंग्रजी बोलण्याचे.
रूपचंद शेठचं मत दोन मजली,
फळीवर बिस्किटांचे डबे, दाढीचा साबण,
फळीखाली रद्दीत गुंडाळलेला झेंडा.
आणि नाशकात, रामकुंडावर,
एक शिपाई बुटासकट पायऱ्या उतरला
तर उपाध्यांनी आधी दक्षिणा घेतली
मग पायरी धुतली.
दोन्ही मनापासून.

आमच्या बापाचं मत मला अजून नीट कळलेलं नाही.

बेचाळीस साली अनसाबाईचा गजाबा
तारा तोडल्या म्हणून नाशिकरोडच्या तुरुंगात गेला.
त्याच रात्री भगूरहून दोघं टोपीवाले आले.
म्हणाले, रंभाजी, त्यांचे कपडे धुवायचे नाहीत.
बाप म्हणाला, बरं.
पहाटे उठून भट्टी पेटवली.
आई काही बोलली नाही,
तिनं सोडा मोजून घातला.

पण त्या आठवड्यात खुणा करताना मी समोर होतो.
बिब्ब्यात सुई टोचायची,
काळा थेंब कॉलरच्या आत, मानेला लागेल असा,
दोन ठिपके, एक रेघ,
वरून चुना दाबायचा.
बाप चुन्याची डबी उघडत नव्हता.
संपला असेल.
मी नऊ वर्षांचा,
डबी हलवून बघायचं सुचलं नाही.

दहा दिवसांनी चौतीस नंबर घाटावर आला.
एकटा, चालत.
मान सुजलेली, फोड आलेले, पाणी गळतंय.
मिसरूड कणसाच्या केसांसारखं.
खुणा करून सांगत होता,
त्याला वाटलं होतं महारोगच लागला या देशाचा.
बापानं त्याला आपल्या दगडावर बसवलं
आणि खोबरेल लावलं,
फुंकर घालत,
मला लावायचा तसं.
तो गेल्यावर
हात पाण्यात घालून
किती तरी वेळ घासत बसला,
वाळूनं.

आता हे कुठल्या रकान्यात लिहाल?

गेले तेव्हा आगगाड्या भरभरून गेले.
पेढे वाटले गावानं.
अनसाबाईनं दिवसभर अंडी फुकट दिली
आणि दुसऱ्या दिवशी
कॅम्पातली बुडालेली उधारी मोजत रडली.
गजाबा म्हणाला, आई, कशासाठी रडतेस नक्की?
तिनं त्याला हाकलून दिलं.
मग आपली पलटण आली. घामाला वास तोच.
भाव मात्र पाडून मागायचे.

सतरा शर्ट न्यायचे राहिले होते.
बाप दर दिवाळीला त्यांना इस्त्री करायचा.
आई चिडायची, कोळसा काय फुकट येतो?
तो म्हणायचा, कपडा धुवायला घेतला
म्हणजे आपला होत नाही.

तो वारल्यावर तिनं ते उसवले, गोधडी शिवली.
खुणा सगळ्या आतल्या बाजूला घेतल्या.
एक तेवढी वर राहिली, कोपऱ्यात,
नेमकी हनुवटीशी येणारी.
बहीण म्हणायची, ती बाजू पायाकडे कर रे,
खाजतं.
इतक्या वर्षांनी कसं खाजेल?
मी राहू द्यायचो.