सहाव्या घरातला ध

गळ्यात आहे तो हँगर, तारेचा,
इस्त्रीवाल्याकडून शर्टाबरोबर फुकट आलेला.
सुलाबाईनं पकडीनं वाकवून त्याला दोन हात केले
आणि त्या हातांत माझा माउथ ऑर्गन दिला.
म्हणजे माझे मोकळे.
छत्तीस वर्षं डोक्यावरची गोणी सावरत होते ते.
पहिले आठ दिवस मला कळेना, ठेवायचे कुठं.

मग उजव्या हाताखाली बिस्किटांचा डबा आला, पत्र्याचा.
डाव्या हातात औषधाची बाटली, आत मूठभर हरभरे.
उजव्या चपलेला सोड्याची बुचं ठोकली,
डाव्या गुडघ्याला घुंगरू, बैलाचं, जावळीहून आणलेलं.
सगळी मंडळी माझ्याच अंगावर.
कुणी उशिरा येत नाही, कुणी चहाला जात नाही.
भांडणं मात्र होतात.
डावा गुडघा कुणाचं ऐकत नाही.

वाशीच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी
तीन निळ्या चेंडूंची नळी दिली होती.
ओढा म्हणाल्या, तिन्ही वर गेले पाहिजेत.
एक जायचा. दुसरा हलायचा.
तिसरा मुकादमासारखा बसून असायचा.
मी म्हटलं, बाई, यात सूर नाही हो.
सुलाबाई म्हणते, दम लागतो तुम्हाला
आणि दमावरच खेळ मांडलाय.

पण हे वाद्य श्वास घेतानाही वाजतं.
बासरी, पिपाणी, सनई, सगळ्या नुसत्या फुंकेवर जगतात.
इथं टाकताना सा, घेताना रे.
टाकताना ग, घेताना म.
टाकताना प, घेताना

काही नाही.
सहाव्या घरातली पट्टी दिवाळीत तुटली.
ओढलं की नुसती हवा येते, पितळेच्या वासाची.

कांदा-बटाटा बाजार, तुर्भे, रात्रीचे पावणेतीन.
गाळ्यांच्या मागं निवडणाऱ्या बायका बसल्यात,
बल्बखाली सालं उडतायत.
छातीत बसली ती हीच धूळ, जुनी ओळख आहे.
मी गाणी वाजवत नाही. पुरती येतच नाहीत.
समोर जे हलेल ते धरतो.
हातगाडीचं एक चाक कुरकुरतं, तो ठेका.
काट्यावर गोणी आदळते, ती सम.
खोकला आला तर त्यालाही घेतो, दोनदा, मोजून,
बायकांना वाटतं तालातलाच आहे.

आणि ध टाळतो.
अलीकडूनच वळतो, महापे रोडवर खड्डा चुकवावा तसा.
फारच अडलं तर तिसऱ्या घरात नि ओढायचा,
जीभ मागं दाबायची, जबडा सैल सोडायचा,
सूर हळूहळू वाकत खाली येतो.
ध मिळतो, पण खालचा,
गोणी पाठीवर पडताना कंबर करते तसा आवाज करणारा.
वरचा तो वरचाच.

काल लासलगावचा ट्रक मागं येत होता.
क्लीनर पोरगं पत्रा बडवत होतं, येऊ द्या, येऊ द्या,
आणि मागं घेताना वाजतं ना ते, टीं, टीं, टीं.
मी प वर होतो. टाकायचा श्वास संपलेला.
सवयीनं त्या रिकाम्या घरावर ओढला
आणि ध लागला.

तोंडात नाही. ट्रकच्या बुडाखाली.
पुन्हा प टाकला, पुन्हा हवा ओढली,
पुन्हा तो तिकडं, अगदी चोख,
माझ्याच छातीतून निघून
जरा लांब जाऊन वाजावा असा.
हौसाबाई हातातला कांदा तसाच धरून बसली.

मग ट्रक धक्क्याला लागला. आवाज बंद.
मी हँगरच्या वरून ओरडलो,
ओ ड्रायव्हर, अजून जरा मागं घ्या!
तो खिडकीतून वाकून म्हणाला,
मागं भिंत आहे, काका.

मग थोडं पुढं घ्या, म्हटलं,
आणि परत या.

डावा गुडघा तोवर वाजतच होता.