जिन्यातल्या टाळ्या

ते खोकं त्रिएस्तेहून मीच आणलं.
एलिओच्या मामाची फियाट, मागच्या सीटवर
कॉफीची पाकिटं, तीन जीन्स,
आईसाठी धुण्याची पावडर, पोतंभर,
आणि पोत्यात गळ्यापर्यंत पुरलेलं
चपलांच्या खोक्याएवढं जपानी ड्रम मशीन.
नाक्यावरच्या शिपायाने जीन्स मोजल्या,
कॉफी हुंगली, पोत्यावर थापटलं
दोनदा. मधे नेमकं अंतर.
मला वाटलं, गडी लयीचा आहे.

रियेकात बुरा वारा सुटलेला.
तळघरात नेव्हियाने मशीन फुंकून फुंकून साफ केलं.
तिला सात शिंका आल्या
आणि आठवीच्या जागी मशीनच बोललं :
ठक. ठक. ठक-ठक. ठक.
दमणं नाही, घाम नाही, बिअर मागणं नाही.
एलिओने माझ्याकडे पाहिलं नाही.
तो वायरींकडे पाहत राहिला, बराच वेळ.
वायरी दोनच होत्या.

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात.
इथं दांडाही मी, गोतही मी
आणि कुऱ्हाडीचे अर्धे पैसे
माझ्याच पगारातून गेलेले.

मी ड्रम जिन्याखाली ठेवले, वर चादर टाकली.
बंदरात क्रेन चालवायचो, दुसऱ्या धक्क्यावर.
वरून माणसं छोटी दिसतात, त्याचा त्या महिन्यात
फार उपयोग झाला.

मग सहाव्या रात्री लुब्ल्यानाहून फोन.
स्टुडिओ आठच रात्री मिळालेला, तोही उधारीवर.
नेव्हिया म्हणाली, टाळ्या हव्यात.
मशीनची टाळी पत्र्यावर चणे सांडल्यासारखी वाजते.
हात घेऊन ये.
(हात घेऊन ये! जसे मी ते घरी ठेवून फिरतो.)

गेलो. शेवटची बस, मग एका ट्रकमधून.
चार मजली इमारत, दगडी जिना,
मधल्या पोकळीत दोरीने सोडलेला माईक
विहिरीतल्या पोहऱ्यासारखा.
नेव्हिया वर, पायात मोजे. एलिओ मधे.
मी सगळ्यात खाली, सायकलींपाशी.
पहाटेचे साडेचार.
अकराव्या खेपेला दुसऱ्या मजल्यावरचं दार उघडलं,
गाऊनवर कोट चढवलेल्या ओझबोल्त बाई बाहेर आल्या
आणि म्हणाल्या, लग्न कुणाचं?

कुणीच काही बोललं नाही.
बाईंनी कठड्यावरून वाकून माईक पाहिला,
आम्हाला पाहिलं,
काठी दाराला टेकवली
आणि आमच्यात मिसळून टाळ्या वाजवू लागल्या
तोंड गंभीर ठेवून,
प्रत्येक वेळी आमच्या केसभर मागून.
तीच खेप ठेवली.

'पावडर' नावाने रेकॉर्ड निघाली. पाचशे प्रती,
पांढरं कव्हर, निळे ठिपके.
मागे आभारात माझं नाव, ओरेस्ते,
छापखान्यात शेवटची मात्रा गळून 'ओरेस्त' झालेलं.
पहिली बाजू मी कधी पुरती ऐकली नाही.
तिथं सगळं ते ठक-ठक, नेव्हियाचा गार आवाज,
खारट निळे लांबलचक सूर,
धुक्यात जहाज असावं पण दिसू नये तसे.
चांगलं आहे. मी नाकारत नाही.
पण दुसऱ्या बाजूच्या तिसऱ्या गाण्यात,
जिथं बाकी सगळं थांबतं,
जिना उघडतो. आणि चौघांचे आठ हात.
त्यातले दोन उशिराचे.

चाळीस वर्षांनी अँटवर्पहून एका पोराचा फोन.
ते लोक ही रेकॉर्ड परत काढताहेत,
आता म्हणे तिला मोल आलंय.
फार अदबीने बोलत होता.
त्याच्याकडे त्या काळची सगळी यंत्रं आहेत, एकोणीस,
सगळ्यांवर करून पाहिली ती टाळी,
जमतच नाही. मागे राहण्याचं ते जे आहे, म्हणाला,
ते कुठल्या मशीनमधलं?

मी म्हटलं, ओझबोल्त.

त्याने लिहून घेतलं. स्पेलिंग विचारलं, मी सांगितलं.
किती बनवली होती, म्हणाला.
एकच, मी म्हटलं.
सेहेचाळीस किलो. काठी वेगळी.