शेऱ्याचा रकाना

फेब्रुवारीत आमच्या लेखा विभागात
पंखेसुद्धा एकवर चालतात,
कागद उडू नयेत म्हणून.
मी पान एकशे बारा टाइप करते:
महिला व बालकल्याण.
शिलाई मशीन वाटप, नग तीनशे.
मेंदी प्रशिक्षण.
हळदीकुंकू समारंभ, मंडपासह.
गेल्या वर्षीही हेच होतं,
मी फक्त वर्ष बदलते.

यंदा वरून परिपत्रक आलं,
अंदाजपत्रक बायकांच्या नजरेनं पाहावं.
साहेब म्हणाले, बाई, तुम्ही आहातच की विभागात,
तुम्हीच पाहा.
आणि मला दिघ्याला धाडलं,
इलठणपाड्याच्या समाजमंदिरात,
छापील नमुना घेऊन, प्रश्न चाळीस.

द्रौपदा इंगोलेनं नमुना बाजूला सारला,
फरशीवर खडूनं रस्ता काढला:
घर, नळ, पायऱ्या, कंपनीचं गेट.
मध्ये तीन ठिकाणी खडू आडवा धरून
घासत राहिली, घासत राहिली.
"इथं दिवा नाही."
दिवा नाही, मग पांढरं कसं?
"काळा खडू मिळत नाही, बाई."

शबनूरनं तोंडी हिशेब केला.
पुरुषांना मुतारी फुकट,
बाईला दर खेपेला तीन रुपये.
घरात चार बायका, दोन खेपा,
महिन्याचे सातशेवीस.
तिसरी खेप आम्ही धरून ठेवतो, म्हणाली,
आणि सगळ्याजणी हसल्या,
मीही.

पुष्पलता नावाची दहावीची मुलगी
बोलली काहीच नाही.
जाताना नमुन्यामागे लिहून गेली:
अभ्यासिका रात्री नऊला बंद होते.

परत येऊन हे सगळं बसवायला घेतलं.
द्रौपदाचा अंधार कुठल्या लेखाशीर्षात?
विद्युत विभाग म्हणाला, खांब आमचे,
बायका तुमच्या.
अभियांत्रिकी म्हणाली, शौचालय आमचं,
तीन रुपये ठेकेदाराचे.
एकशे बारावर दोन लाख उरले होते,
तेही पुनर्विनियोजनात गेले
चौकातल्या लोखंडी फ्लेमिंगोला
गुलाबी रंग द्यायला.
बसमधून रोज दिसतो तो,
एक पाय पोटाशी घेऊन उभा,
धरून ठेवल्यासारखा.

एक सांगायचं राहिलं.
नमुन्यातला सतरावा प्रश्न:
दिवसभरात पाणी किती पिता?
शबनूरनं मलाच उलट विचारलं.
मी पेनाचं टोपण शोधत बसले,
ते पेनालाच होतं.

अकरा वर्षं मी घरून निघताना पाणी पीत नाही.
आमच्या मजल्यावरच्या बायकांच्या स्वच्छतागृहात
जुनी अंदाजपत्रकं रचलीत,
पार खिडकीच्या वरपर्यंत.
दाराला कुलूप,
किल्ली अभिलेख शाखेत.

काल संध्याकाळी छपाईला पान जायच्या आधी
मी लिहिलं.
एकशे बारावर नाही.
पान एक्केचाळीसवर, रस्ते व दिवाबत्ती,
जिथं माझं काही काम नसतं,
जिथं शेऱ्याच्या रकान्यात वर्षानुवर्षं
निरंक, निरंक, निरंक:
"इलठणपाडा, तीन खांब.
पाहणी रात्री नऊ वाजता करावी."

साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला.
रात्री नऊला कोण जाणार हो तिथं?
म्हटलं, पुष्पलता जाते.
कोण पुष्पलता, ते त्यांनी विचारलं नाही.
खोडलंही नाही,
अजून तरी.

मग मी खाली अभिलेख शाखेत गेले,
किल्ली मागितली.
शिपायानं रजिस्टर पुढे केलं:
नाव, विभाग, वेळ,
कारण.
कारणाचा रकाना चांगला रुंद होता.
मी लिहिलं,
पाणी प्यायचं आहे.