दोन हजार सहाशे पन्नास

बोहरी आळीत, दोर आणि साखळ्यांच्या दुकानांमधून
तिरकं तिरकं चालत गेलं की डाव्या हाताला मुर्तझाभाईंचं दुकान.
तिथल्या काचेत तो दीड महिना पडून आहे.
मी मोजलंय, ही माझी चौथी फेरी.
तेही मोजत असणार. बोलत नाहीत.

"दाखवा जरा."
"परत?"
तरी काढतात, फडक्यावर ठेवतात.
जड आहे. काट्यावर टाकायला लावला मी :
दोनशे ऐंशी ग्रॅम,
म्हणजे पावकिलो वांग्यांवर एक वांगं वरचं.
घडीचा आहे, पण घडी म्हणवत नाही,
उघडताना खट्ट,
आणि मागची खिट्टी दाबल्याशिवाय पातं परत येत नाही.
तीनदा मिटवला. चौथ्यांदा मुर्तझाभाई म्हणाले,
"काका, पण कापणार काय?"

शैलजानेही हेच विचारलं होतं, वेगळ्या आवाजात.
दुधाची पिशवी कात्रीने. आंबा विळीवर.
कुरियरची चिकटपट्टी किल्लीने फाटते,
नाही फाटली तर दात आहेत, खालचे अजून माझेच.
सुपारी सुटली, अडकित्ता माळ्यावर.
शिवाय पेठांत हल्ली रात्री नाकाबंदी,
हवालदार खिसे चाचपतो. त्याला काय सांगू,
साहेब, सवय आहे?

एकतीस वर्षं होती.
उजव्या खिशात, खात्याने दिलेला, लाकडी मुठीचा.
पद्मावती, मग रास्ता पेठ, मग धनकवडी.
खांबावर पट्ट्याला लटकून एका हाताने उघडायचा.
दातांनी उघडणाऱ्या गोरखचा ओठ मी पाहिलाय.

एकतीस मेला दुपारी तीनला दिघ्यांनी रजिस्टर उघडलं.
पक्कड एक. टेस्टर एक. हातमोजे जोड एक, फाटका.
चाकू एक.
समोर लिहिलं, जमा.
म्हटलं, "हा राहू द्या ना, पातं झिजून करंगळीएवढं उरलंय."
"उरलंय ना? मग जमा."
संध्याकाळी नारळ दिला, शाल दिली.
शालीचं प्लास्टिक सोलायला
मी खिशात हात घातला.

"बोलू नका, करून बघा," म्हणत मुर्तझाभाईंनी
गल्ल्याखालून लाल वायरचा तुकडा काढला.
अंगठा वायरीखाली, पातं आडवं,
एकदा गोल फिरवलं, ओढलं.
कातडं मोज्यासारखं निघालं. तांब्यावर ओरखडा नाही.
साखळी घ्यायला थांबलेलं एक गिऱ्हाईक "वा" म्हणालं.
बोहरी आळीत "वा" कोणी म्हणत नाही,
तिथे "किती" म्हणतात.

आता जे कोणाला सांगितलं नाही ते :
हा चाकू माझ्या कामाचा नाही.
एवढ्या जाड पात्याने वायर सोलणं
म्हणजे पहारीने दात कोरणं.
तो दोरासाठी आहे, चामड्यासाठी, ओल्या फांदीसाठी.
माझ्या कामाचा त्याच काचेत आहे,
खालच्या फळीवर, धुळीत,
लाकडी मुठीचा, एकशे तीस रुपये.
तिकडे मी बघत नाही.
तो घेतला तर
सकाळी साडेआठला कुठेतरी हजर व्हावं लागेल.

"बुधवारी येतो," म्हटलं.
"बुधवारी," मुर्तझाभाई म्हणाले.
काच सरकवली, कुलूप लावलं नाही.

धुण्याआधी शैलजा पँटचे खिसे उलटे करते.
तुकडा सापडला.
"हा केवढ्याला?"
"फुकट."
तिने त्यातली एक तार ओढून काढली,
बर्नरची बुजलेली भोकं एकेक करून टोकरली,
चहा ठेवला.
मग पाठ न वळवता म्हणाली,
"आणि तो दुसरा? महागाचा?"

आज मंगळवार.