बासष्ट टक्के

पावणेतीन. चेंबूर.
बिग ब्लाइंड माझा :
पत्ते दिसायच्या आधीच भरलेले पैसे,
सोसायटीच्या मेंटेनन्ससारखे.

बटणावर ‘खेकडा७७’. पुन्हा रेझ.
नावाखाली बारीक आकडा : बासष्ट.
शंभरातल्या बासष्ट वेळा
हा असाच उचलायला येतो.

मी सोडतच आलो.
किती गेले, ऋताने विचारलं होतं.
थोडे, म्हणालो.
थोडे थोडेच जातात.

आज बदाम नव्वी, बदाम सत्ती.
कॉल.

तीन पत्ते उघडतात, एकही बदाम नाही.
तो परत लावतो, सवयीने.

त्याच्याही पडद्यावर असेलच की
माझ्या नावाखाली काहीतरी :
सोडतो, शंभरात एक्क्याऐंशी.

त्याच आकड्याआड लपून
मी सगळे पुढे सरकवतो.

खाली दुधाचे क्रेट आपटतात.
तो थांबलाय.
त्याचं घड्याळ उलटं मोजतंय, सतरा, सोळा