कमी वजन

बत्तीस वर्षं मी वजनं तपासली.
वैधमापन खातं, कुर्ला विभाग.
पारड्याखाली चिकटवलेलं लोहचुंबक,
आतून पोखरलेला किलोचा ठोकळा,
साखळीच्या कडीत दाबलेली ओली चिंच,
दुकानाची पायरी चढतानाच मला वास यायचा.

आता कन्नमवार नगरात, तळमजल्यावर,
डॉक्टरांनी बीपीसाठी लिहून दिलेल्या
काचेच्या पेटीसमोर बसतो.
चार एंजल मासे. तीन अंगानं भरलेले.
चौथा समोरून पाहिला तर वहीचं पान,
पोट आत गेलेलं, कपाळाची धार वर आलेली.
खायला मात्र सगळ्यांच्या पुढे.

हेमलता कणीक मळता मळता म्हणाली,
"खातो ते अंगी लागत नाही त्याच्या. जंत असतील.
वावडिंग उगाळून देता येतं का माशाला?"

ज्याच्याकडून घेतले त्या शफाअतला फोन लावला.
"विष्ठा कशी आहे, साहेब? पांढरी? दोऱ्यासारखी?"
या वयात हा प्रश्न मला दुसऱ्या कुणाबद्दल
पहिल्यांदाच विचारला गेला.
भिंग घेऊन अर्धा तास बसलो.
पांढरीच होती. लोंबत होती, तुटत नव्हती.
"मग आतले किडे असतील कदाचित."
"कदाचित?"
"पोट फाडल्याशिवाय पक्कं कोण सांगणार?"

पुराव्याशिवाय खटला कधी भरला नाही मी.
तरी या न पाहिलेल्या,
कुणी सांगावं, नसलेल्याही आरोपींसाठी
किंजलच्या मेडिकलमधून पोटाच्या गोळ्यांची पट्टी आणली.
तिनं विचारलं, "अंकल, जेवणाआधी की नंतर?"
म्हटलं, जेवणातच.

आजारी मासा वेगळ्या टबात.
रात्रभर उघडं ठेवलेलं नळाचं पाणी,
पिठाच्या गिरणीसारखा घरघरणारा छोटा पंप.
दोनशेच्या गोळीचा चतकोर, पाच ग्रॅम खाद्याला.
ब्लेडनं कापली तर एक तुकडा उडून
फ्रिजखाली गेला, एकाचा भुगा झाला.
मग अख्खी गोळी कुटून, पुडी बांधून
मुरकुटे सोनारांचं दुकान गाठलं.

काट्यावर चार ढीग झाले.
"साहेब, हे तर गुंजेलाही हलकं," ते म्हणाले.
आणि तेवढ्यात मला दिसला
काट्याच्या कडेचा शिक्का:
मुदत संपून चौदा महिने झाले होते.
तोंड उघडलं मी. सवय.
मुरकुट्यांनी चहा सांगितला.
मी तोंड मिटलं.

पहिल्या दिवशी मासा थुंकला. कडू.
लसणाचा रस चोळला, तेव्हा गिळलं,
पुन्हा बाहेर काढलं, पुन्हा गिळलं.
सात दिवस औषध, सात दिवस सुट्टी, परत सात.
मधेच एका सकाळी
टबाच्या तळाशी काळसर, तुटक काहीतरी दिसलं
आणि मी हेमलताला हाक मारली,
तीही हात पुसत धावत आली बघायला.

पोट भरलंय का? मला भरल्यासारखं वाटतं.
पण ज्याला हवं असतं त्याला
काटा झुकलेलाच दिसतो.
शेकडो गिऱ्हाइकांना हे मीच ऐकवलंय.

औषध सुरू करायच्या आदल्या दिवशी एकदा नेला होता,
स्टीलच्या डब्यातून, रिक्षा हळू चालवायला सांगून.
काट्यावर पाण्याचं भांडं, आकडे शून्यावर,
मग जाळीतून थेंब निथळू देऊन मासा.
नऊ ग्रॅम चारशे, नऊ तीनशे ऐंशी, नऊ चारशे दहा,
आकडे स्थिर होईनात. तो पोहत होता.

आज पुन्हा नेला.
दुकानातली एक बाई मंगळसूत्र हातात धरून
आमच्याकडे बघत थांबली.
नऊ आठशे. नऊ नऊशे. नऊ आठशे साठ.
"साडेचारशे मिली वाढलं म्हणा," मुरकुटे म्हणाले,
सोन्यासारखंच, आवाज खाली घेऊन.

मुदत संपलेला काटा.
दोन-चार थेंब इकडचे तिकडे.
ऑफिसात हा कागद कुणी आणला असता
तर मी सही केली नसती.

"लिहून देऊ का?" त्यांनी विचारलं.
नको म्हटलं,
आणि डब्याचं झाकण नीट न लावता
घरापर्यंत चालत आलो.